कुलूपबंद राजधानी : वॉशिंग्टनमधले पंचवीस दिवस



अमेरिकेहून परत आल्यापासून वस्तीत जो तो म्हणतो, "तिकडे काय पाहिलंत ते लिहा की." उंच इमारती, स्वच्छ रस्ते आणि मोठमोठी दुकाने यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. ती मी पुन्हा लिहिणार नाही. माझ्या वाट्याला आले ते जरा वेगळे होते. २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी वॉशिंग्टनला पोहोचलो आणि आठ-नऊ दिवसांत, १ ऑक्टोबरला, त्या देशाच्या केंद्र सरकारला कुलूप लागले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची सरकारी कचेरी पैसे मंजूर झाले नाहीत म्हणून बंद! कारकुनी करण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला याहून मोठे नवल ते कोणते?

माझी धाकटी बहीण आणि मेव्हणे मेरीलँड राज्यात, राजधानीला अगदी लागून असलेल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहतात. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. इथे काळ्या लोकांची वस्ती जास्त आणि पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत. बहिणीच्या शेजारची बाईसुद्धा एका केंद्रीय खात्यात कारकून. पन्नाशी उलटलेली, काळी, गुडघे दुखतात म्हणून सकाळी अंगणात हळूहळू फेऱ्या मारणारी. बहीण तिला आदराने 'मॅडम' म्हणते, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. समोरच्या घरात एक गोरे आजोबा. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या दारावर ट्रम्प यांच्या नावाचा झेंडा. दोघांची ओळख वीस वर्षांची. बर्फ पडला की आजोबा मॅडमचा रस्ता मोकळा करून देतात आणि राजकारण निघाले की दोघेही हातवारे करून भांडतात.

तिथले दोन पक्ष म्हणजे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट. रिपब्लिकनांचा रंग लाल, डेमोक्रॅटांचा निळा. (निळा झेंडा दिसला की आपले पाऊल आपोआप थबकते. पहिले दोन दिवस माझेही थबकले. पण तो निळा वेगळा.) त्यांच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, तिची आपल्या काँग्रेस पक्षाशी गल्लत करू नये. तिची दोन सभागृहे, प्रतिनिधीगृह आणि सिनेट. सिनेटमध्ये १०० सदस्य, लहान-मोठ्या प्रत्येक राज्याचे दोन.

२६ सप्टेंबरला आम्ही ब्रँच अव्हेन्यू स्टेशनवरून हिरव्या मार्गाची मेट्रो पकडून अर्काइव्ह्ज स्टेशनला उतरलो आणि पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूने चालत कॅपिटॉलला, म्हणजे त्यांच्या संसद भवनाला गेलो. आत जायला तिकीट लागत नाही. लाल कोट घातलेले मार्गदर्शक कानाला लावायला यंत्र देतात आणि आधी एक छोटासा चित्रपट दाखवतात. लोखंडी घुमटाखालच्या दालनात मान वर करून सगळे उभे राहतात, तसे आम्हीही राहिलो. पण माझे लक्ष वेधले ते खालच्या मजल्यावरच्या एका दगडाने. हे भवन बांधताना गुलामांकडून काम करून घेतले होते. त्याची नोंद म्हणून जुन्या इमारतीतलाच एक दगड २०१२ मध्ये तिथे बसवला आहे. भवन वापरात आले १८०० साली आणि नोंद झाली २०१२ साली. घुमटावर स्वातंत्र्यदेवतेचा जो पुतळा आहे, तो ओतण्याच्या कामात फिलिप रीड नावाचा गुलाम होता. १८६३ च्या डिसेंबरात पुतळा वर चढला तोवर तो स्वतः मुक्त झालेला होता. त्या दगडापाशी मेव्हण्यांनी मला दोनदा हाक मारली, मग मी हललो.

प्रतिनिधीगृह त्या दिवशी रिकामे होते. १९ सप्टेंबरला खर्चाचे एक तात्पुरते विधेयक मंजूर करून सभासद घरी गेले होते आणि पुढे १२ नोव्हेंबरपर्यंत सभापतींनी त्यांना मतदानासाठी बोलावलेच नाही. २३ सप्टेंबरला ॲरिझोना राज्यातून पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या अ‍ॅडेलिटा ग्रिहाल्वा नावाच्या बाईंचा शपथविधी त्यामुळे सात आठवडे झाला नाही. निवडून दिलेल्या लोकांना सात आठवडे प्रतिनिधी नाही. आपल्या ग्रामपंचायतीत असे झाले असते तर लोकांनी सरपंचाच्या दाराशी बैठक मारली असती.

भांडण कशाचे होते? गरीब आणि मध्यम कुटुंबांना आरोग्य विम्यासाठी जी वाढीव सरकारी मदत मिळत होती तिची मुदत वर्षअखेरीला संपणार होती. ती आधी वाढवा, मगच खर्चाला मत देऊ, असे डेमोक्रॅट म्हणत. आधी सरकार चालू ठेवा, विम्याचे नंतर बोलू, असे रिपब्लिकन म्हणत. सिनेटमध्ये असे विधेयक पुढे न्यायला ६० मते लागतात आणि रिपब्लिकनांकडे होती ५३. झाले! ३० सप्टेंबरची मध्यरात्र उलटली आणि कुलूप पडले. मूळ संविधानाची चार पाने राष्ट्रीय अभिलेखागारात काचेखाली ठेवलेली आहेत. ती मी २ ऑक्टोबरला पाहायची म्हणून राखून ठेवली होती. गेलो तर दार बंद आणि बाहेर माझ्यासारखेच पाच-पन्नास लोक पायऱ्यांवर फोटो काढताहेत.

मॅडमना घरी बसवले गेले होते. सुमारे ७ लाख कर्मचारी असे बिनपगारी घरी बसले आणि विमानतळाचे पहारेकरी, तुरुंगाचे शिपाई, असे लाखो लोक बिनपगारी कामावर जात राहिले. काँग्रेसच्या सभासदांचा पगार मात्र चालू. तो कायद्याने थांबतच नाही. मागचा बंद २०१८-१९ मध्ये ३५ दिवस चालला होता, तेव्हा बुडालेला पगार नंतर देण्याचा कायदा झाला होता. पण या वेळी घरी बसलेल्यांना तो मिळेलच असे नाही, अशी भाषा अध्यक्षांच्या कचेरीतून सुरू झाली. १० ऑक्टोबरला मॅडमच्या खात्यात अर्धवट पगार आला. त्यांनी कागदावर लिहून मला दाखवले, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, औषधे. आकडे डॉलरमध्ये होते एवढेच. तसा कागद महिन्याच्या वीस तारखेला मी आपल्या वस्तीत अनेक घरांत पाहिला आहे.

त्या दिवसांत शिक्षण खात्यात जे घडले ते ऐकून मला खरा राग आला. आपण रजेवर असलो की आलेल्या ई-मेलला आपोआप उत्तर जावे अशी सोय असते. घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांनी साधी मोघम उत्तरे लावून ठेवली होती. ती त्यांना न विचारता बदलली गेली आणि त्यांच्या नावाने उत्तरे जाऊ लागली की, डेमोक्रॅट सिनेटरांमुळे आम्ही काम करू शकत नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये एका न्यायाधीशाने हे घटनाबाह्य ठरवले. कारकुनाची सही ही एकच गोष्ट त्याच्या मालकीची असते. त्याच्या नावाखाली पक्षाचे वाक्य छापायचे म्हणजे त्याच्या हाताला धरून खोटा अंगठा उठवण्यासारखे आहे, मग पक्ष कोणताही असो.

४ ऑक्टोबरच्या शनिवारी आजोबा गवत कापत होते आणि मॅडम कुंपणापाशी आल्या. बोलणे पगारावरून निघाले ते माफीवर गेले. अमेरिकेच्या अध्यक्षाला गुन्हेगारांना माफी देण्याचा फार मोठा अधिकार आहे. मॅडम म्हणाल्या, "६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चालून गेलेल्या सुमारे दीड हजार लोकांना तुमच्या माणसाने गादीवर बसताच माफ केले. ज्या पोलिसांनी मार खाल्ला त्यांचा हिशेब कोणी द्यायचा?" आजोबांनी यंत्र बंद केले. "आणि तुमच्या बायडेनने? मुलाला माफी देणार नाही म्हणून देशाला सांगितले आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिली. जाता जाता भावाबहिणींनाही देऊन गेला. तेव्हा तू बोललीस का?" मॅडम गप्प झाल्या नाहीत. त्यांनी आणखी काही काढले, आजोबांनी त्याहून जुने काढले. अर्ध्या तासात दोघे मिळून १९७४ पर्यंत मागे गेले.

मी बी.कॉम. माणूस. हिशेबाचा पहिलाच धडा आम्हाला शिकवला होता की, गणपतच्या खात्यावर नावे पडलेली रक्कम शंकरच्या खात्यावर नावे असलेल्या रकमेने फिटत नाही. दोघांकडूनही येणे असते आणि दोन्ही येणी वेगवेगळी वसूल करायची असतात. पण तिथल्या वादात मी पंचवीस दिवस हेच पाहिले. एकाने आपल्या बाजूचे देणे काढले की दुसरा त्याच्या बाजूचे देणे दाखवतो आणि दोघेही खाते बरोबर झाले म्हणून वही मिटतात. टीव्हीवर तर हाच धंदा. एका वाहिनीवर एकाच पक्षाची येणी, दुसरीवर दुसऱ्याची.

आजोबांनीच मला एके दिवशी गाडीतून वॉटरगेट दाखवायला नेले. पोटोमॅक नदीच्या काठी गोलाकार सज्जांच्या या मोठ्या इमारती आहेत. त्यात आज घरे, हॉटेल आणि कचेऱ्या आहेत. १७ जून १९७२ च्या रात्री इथे सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत चोर शिरले. त्यांना पकडून देणारा माणूस कोण? फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा काळा पहारेकरी. आठवड्याचा पगार ८० डॉलर. फेरी मारताना त्याला एका दाराच्या कडीवर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढून टाकली. पुन्हा फेरीला आला तर पट्टी पुन्हा लावलेली! त्याने पोलिसांना फोन केला आणि पाच जण सापडले. पुढे वृत्तपत्रांनी पैशाचा माग काढला. अध्यक्ष निक्सन यांच्या निवडणुकीसाठी आलेला २५,००० डॉलरचा एक धनादेश चोरांपैकी एकाच्या बँक खात्यात जमा झालेला निघाला. हिशेबनीस वाचकांना सांगायला नको की, एवढा एक कागद पुरे असतो.

मग चौकशी झाली. निक्सन यांच्या कचेरीत सगळे बोलणे ध्वनिफितीवर नोंदले जाते हे १९७३ मध्ये बाहेर आले. फिती द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ ला आठ विरुद्ध शून्य मतांनी सांगितले. प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीत टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन या काळ्या सभासद बाईंनी जे भाषण केले ते आजही तिथे आठवले जाते. 'आम्ही लोक' या शब्दांनी सुरू होणाऱ्या संविधानात मुळात आपल्याला जागा नव्हती, हे त्यांनी आधी सांगितले आणि त्याच संविधानाचा अपमान आपण स्वस्थ बसून पाहणार नाही, असे बजावले. समितीने २७ विरुद्ध ११ मतांनी महाभियोगाचे पहिले कलम मंजूर केले. त्या २७ मध्ये निक्सन यांच्याच पक्षाचे सहा जण होते. ७ ऑगस्टला त्यांच्याच पक्षाचे तीन ज्येष्ठ पुढारी त्यांना भेटून, आता आपली मते उरली नाहीत, असे सांगून आले. ९ ऑगस्टला निक्सन गेले.

"बघा," आजोबा म्हणाले, "आमच्याच लोकांनी आमच्या माणसाला दार दाखवले."

"मग आता?" मी विचारले.

"आता पलीकडे तसा कोणी नाही. त्यांनी आपल्या माणसाला जाब विचारायचा नाही आणि आम्हीच का विचारायचा?"

माणूस भला, पण हे उत्तर मला पटले नाही. असे म्हटले की दोन्ही बाजूंची चौकशी कायमची बंद. तरी केवळ त्यांना दोष देणेही बरोबर नाही, कारण असे न विचारण्याचे कारण तिथल्या पद्धतीत आहे. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग आला तेव्हा त्यांच्या पक्षाच्या दहा प्रतिनिधींनी त्याला मत दिले. तिथे पक्षाचा उमेदवारही पक्षाचे मतदारच निवडतात. २०२२ मध्ये त्या दहांपैकी चार जण या पक्षांतर्गत निवडणुकीत पडले, चौघे उभेच राहिले नाहीत, दोघे तेवढे परत आले. सिनेटमध्ये दोषी ठरवायला दोन तृतीयांश मते लागतात. त्या वेळी ५७ पडली, ६७ हवी होती. आजवर तीन अध्यक्षांवर मिळून चार महाभियोग झाले, १८६८, १९९८, २०१९ आणि २०२१. दोषी एकही ठरला नाही. आणि माणसे कशी बदलतात पाहा. लिंडसे ग्रॅहॅम हे १९९९ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध बाजू मांडणाऱ्यांत होते, २०२० मध्ये त्यांनी ट्रम्प यांना निर्दोष म्हटले. चक शूमर यांनी १९९९ मध्ये क्लिंटन यांना निर्दोष म्हटले, २०२० मध्ये ट्रम्प यांना दोषी. दोन्ही खटल्यांतले आरोप वेगळे होते हे खरे. पण दोघांचेही मत प्रत्येक वेळी पक्षाच्याच घरी कसे पोहोचले?

फ्रँक विल्सचे काय झाले, हेही सांगायला हवे. निक्सन यांना त्यांच्या नंतरच्या अध्यक्षांनी महिन्याभरात माफी दिली. विल्सला पुढे धड नोकरी मिळाली नाही. या प्रकरणावरच्या चित्रपटात त्याने स्वतःचेच काम केले, पण २००० साली तो गरिबीत वारला. वॉटरगेटच्या फाटकावर त्या दिवशीही एक काळा पहारेकरी होता. त्याने आजोबांना गाडी पुढे घ्यायला सांगितले.

वॉटरगेटनंतर १९७८ मध्ये कायदा करून अनेक मोठ्या खात्यांत महानिरीक्षक नेमले गेले. आपल्याकडच्या अंतर्गत लेखापरीक्षकासारखेच, फक्त अधिक अधिकारांचे. गैरव्यवहार शोधायचा आणि काँग्रेसला कळवायचे. त्यांना काढायचे तर काँग्रेसला ३० दिवस आधी कारणे द्यावी लागतात. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री असे सुमारे १७ निरीक्षक ई-मेल पाठवून काढून टाकले. न्यायालयाने पुढे ते बेकायदेशीर ठरवले, पण खुर्च्या परत दिल्या नाहीत. १ जुलै २०२४ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी, पदाच्या अधिकृत कामाबद्दल अध्यक्षांना फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. हे संरक्षण आज एका पक्षाला सोयीचे असेल, उद्या दुसऱ्याच्या अध्यक्षालाही तेच लागू होईल. मॅडम आणि आजोबा या एका मुद्द्यावर भांडले नाहीत.

परमपूज्य बाबासाहेबांनी ही अडचण आधीच ओळखली होती. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला शिकले, अमेरिकेची पद्धत त्यांना पुस्तकापुरती माहीत नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की, अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. तिथे हिशेब ठराविक काळाने, निवडणुकीतच होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो, प्रश्न विचारून, ठराव मांडून, अविश्वास आणून. रोजचा हिशेब अधिक परिणामकारक, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी पसंत केली. आपल्या सभागृहांत रोजचा हिशेब खरोखर किती होतो, हा प्रश्न आपणही आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवा, पण तो वेगळा लेख होईल.

१४ ऑक्टोबरला आम्ही ॲकोकीकला गेलो. तिथे बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा आहे, आपल्या धुळे जिल्ह्यातले शिल्पकार राम सुतार यांनी घडवलेला. २०२३ मध्ये याच तारखेला त्याचे अनावरण झाले. सरकारी संग्रहालयांना टाळे होते, ही जागा समाजाच्या पैशातून उभी राहिलेली, म्हणून उघडी. मॅडम आमच्याबरोबर आल्या होत्या. हातातले पुस्तक कोणते, असे त्यांनी विचारले. मी संविधान म्हणालो तेव्हा त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. आजी वॉशिंग्टन शहरातच जन्मली, तिथेच वाढली आणि अध्यक्ष निवडायला पहिले मत तिने १९६४ साली दिले, कारण त्याआधी राजधानीच्या रहिवाशांना तो हक्कच नव्हता. आजही त्या शहरातल्या सुमारे ७ लाख लोकांना सिनेटमध्ये एकही जागा नाही आणि प्रतिनिधीगृहात एक प्रतिनिधी आहे, पण अंतिम मतदानात त्याला मत नाही. प्रतिनिधित्वाशिवाय कर, अशी तक्रार तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवरच छापलेली असते. ज्या शहरात सगळ्या देशाच्या हिशेबाची भांडणे चालतात, तिथल्या झाडूवाल्याला त्या भांडणात मत नाही. हे डेमोक्रॅटांच्या सत्तेतही बदलले नाही आणि रिपब्लिकनांना बदलायचे नाही.

मी १७ तारखेला निघालो तेव्हा कुलूप तसेच होते. ते उघडले १२ नोव्हेंबरला, ४३ दिवसांनी. त्यांच्या इतिहासातला तोवरचा हा सर्वांत लांब बंद. मधल्या काळात सुमारे सव्वाचार कोटी गरिबांची धान्याची सरकारी मदतही अडकली होती. शेवटी डेमोक्रॅटांच्या बाजूचे आठ सिनेटर पलीकडे मिळाले. विम्याच्या मदतीबद्दल फक्त मतदान घेण्याचे आश्वासन मिळाले आणि डिसेंबरमधल्या त्या मतदानात ती मदत पडली. बुडालेला पगार सर्वांना मिळाला. बहिणीने फोनवर सांगितले की, खर्चाची पुढची मुदत ३० जानेवारी २०२६ ठरली आहे, म्हणून मॅडमनी थकबाकी आल्या आल्या औषधे दोन महिन्यांची एकदम घेतली आणि आजोबांनी गाडीतून त्यांच्या घरी तांदळाच्या दोन गोण्या आणून टाकल्या.